उचल

घोडबंदर रस्त्यावरचा चेण्याचा पूल ओलांडून ठाण्याकडे निघालेली गाडी काजूपाडा मागे टाकते आणि गायमुखच्या चढाला लागते, तेव्हा चालकाचा डावा हात न सांगता गियरच्या दांड्यावर जातो. चौथ्यातून तिसऱ्यात. आवाज चढतो, काटा वर सरकतो आणि मघापासून कुंथणारी गाडी पुन्हा जोर धरते. इंजिन मघाचेच, पेट्रोलही मघाचेच. मधल्या दातांचे प्रमाण तेवढे बदललेले असते. हाताने गियर टाकायच्या गाडीचा पिकअप वाढवण्याचा सगळा उद्योग याच एका गोष्टीवर उभा आहे. चालक गायमुखला घटकाभर जे करतो, ते गाडीच्या पोटात कायमचे करून ठेवायचे.

इंजिनापासून टायरपर्यंत ताकद नेणाऱ्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात. तिच्यात फ्लायव्हील येते, क्लच येतो, गियरबॉक्स येतो, शेवटचे प्रमाण ठरवणारी दातांची जोडी येते, डिफरन्शिअल, एक्सल आणि चाके येतात. यांतला एकही भाग ताकद निर्माण करत नाही. उलट दात एकमेकांवर घासण्यात आणि तेल घुसळण्यात इंजिनाच्या ताकदीचा दहा-पंधरा टक्के हिस्सा वाटेतच खर्ची पडतो. गियर फक्त अदलाबदल करतात: फेरे सोडून देतात आणि त्या बदल्यात जोर घेतात. त्यामुळे ड्राइव्हट्रेन बदलून गाडीची अश्वशक्ती अर्ध्या घोड्यानेही वाढत नाही. असलेली ताकद कुठल्या वेगाला, किती घाईने खर्च करायची, एवढेच त्यात ठरते. गॅरेजबाहेरच्या बाकड्यावरच्या गप्पांत नेमकी हीच गोष्ट सगळ्यांत आधी विसरली जाते.

हिशेबासाठी रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या आकाराची एक हॅचबॅक डोळ्यांसमोर ठेवावी. चालकासकट वजन १००० किलो, इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, ११० न्यूटन मीटर, पहिल्या गियरचे प्रमाण ३.५, शेवटच्या जोडीचे ४.१ आणि टायरची त्रिज्या २९ सेंटिमीटर. ३.५ आणि ४.१ यांचा गुणाकार १४.३५. पहिल्या गियरमध्ये इंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोचेतो इतक्या पटीने वाढतो, आणि चाकाचे फेरे तितक्याच पटीने कमी होतात. या एका आकड्याभोवती पुढचे सगळे फिरते.

साखळीतला पहिला भाग फ्लायव्हील. क्रँकशाफ्टच्या शेवटाला बोल्टांनी आवळलेली ही जाड चकती बहुतेक गाड्यांत ओतीव लोखंडाची असते. काठावर स्टार्टरसाठी रिंग गियर, आणि तोंडावर क्लच प्लेट टेकते ती गुळगुळीत पट्टी. सिलिंडरांतले स्फोट तुटक तुटक होतात. त्यांच्या मधले अंतर ही चकती आपल्या वजनाने भरून काढते आणि म्हणून इंजिन सिग्नलला धडधडत बंद पडत नाही. पण तेच वजन गाडी वेग घेताना आडवे येते, कारण गाडीबरोबर या चकतीचेही फेरे वाढवावे लागतात.

हे ओझे किती, याचा अंदाज साध्या नजरेला येत नाही. समजा चकती ८ किलोची आहे आणि तिचे वजन मध्यापासून सरासरी १० सेंटिमीटरवर पसरलेले आहे. तिचा अडथळा गियरच्या प्रमाणाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आपल्या हॅचबॅकमध्ये पहिल्या गियरला ही ८ किलोची चकती जवळपास १९५ किलो जादा वजन भरल्यासारखी वागते. दुसऱ्या गियरमध्ये तेच ओझे ५८ किलोंवर येते आणि चौथ्यात जेमतेम १५ वर. हलके फ्लायव्हील बसवलेली गाडी पहिल्या दोन गियरांत चपळ वाटते आणि महामार्गावर मात्र काही फरक कळत नाही, त्याचे कारण हा वर्ग.

लेथवर चकती कापून घेताना किती किलो काढले यापेक्षा कुठून काढले याला जास्त महत्त्व आहे. काठाजवळून, मध्यापासून साडेबारा सेंटिमीटरवरून दोन किलो उतरवले, तर पहिल्या गियरमध्ये सुमारे ७६ किलोंचा भार हलका होतो. तेच दोन किलो मध्याजवळून, पाच सेंटिमीटरवरून काढले तर फायदा १२ किलोंचा. पण काठाजवळच लोखंडाचा वेग सगळ्यांत जास्त असतो. मिनिटाला सहा हजार फेरे घेणाऱ्या ओतीव लोखंडात बारीकशी चीर राहिली, तर चकती फुटते आणि तिचे तुकडे तिच्याभोवतीचे कवच, म्हणजे बेलहाउसिंग, फाडून बाहेर येतात. त्याच्या पलीकडे चालकाचे पाय असतात. ज्याला हे काम खरोखर करायचे आहे, त्याने घडीव पोलादाची नवी चकती घ्यावी आणि बॅलन्सिंग करूनच बसवावी. जुनीच चकती लेथवर खरवडून पैसे वाचवणे ही काटकसर नव्हे.

हलक्या चकतीची किंमत गर्दीत मोजावी लागते. इंजिन मंद फिरताना गाडी थरथरते. क्लच सोडताना पाय जरा चुकला की बंद पडते, कारण चकतीत साठलेली फेऱ्यांची शिल्लक आता उरलेली नसते. न्हावाशेवाहून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरच्या मागे घोडबंदर रस्त्यावर हात-दोन हात पुढे सरकत राहायचे असेल, तर जड चकतीची गाडी बरी. कंपनीने ती उगाच जड केलेली नसते. अलीकडच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत तर एकाऐवजी दोन चकत्या असतात आणि मध्ये स्प्रिंगा. हे डबल मास फ्लायव्हील महाग असते आणि कधी ना कधी खुळखुळू लागते, म्हणून काही जण त्याजागी साधी एकसंध चकती बसवतात. गाडी चटपटीत होते खरी, पण डिझेलचे हादरे जे स्प्रिंगा गिळत होत्या ते आता थेट गियरबॉक्सच्या दातांवर जातात आणि न्यूट्रलला उभी गाडी डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजते.

त्यापुढे क्लच. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, मध्ये दोन्ही अंगांनी घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट. ती किती पीळ न घसरता पेलेल हे चार गोष्टींवर ठरते: अस्तराची पकड, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची त्रिज्या आणि घासणाऱ्या तोंडांची संख्या. कंपनीचा क्लच इंजिनाच्या मूळ पिळापेक्षा थोडा जास्त भार सोसेल असाच बनवलेला असतो. इंजिनाला हात लावला नसेल तर ताकदवान क्लच घालून गाडी एका क्षणानेही आधी पोचत नाही. पैसे मात्र जातात.

इंजिनाला हात लागतो, तेव्हा पहिली तक्रार क्लचची येते. पुण्याजवळच्या रांजणगावला तयार झालेले फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन फियाट आणि टाटांच्या कितीतरी गाड्यांत बसले. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो २०२२ मध्ये बंद होईपर्यंत हौशी तरुणांची लाडकी होती. अशा टर्बो गाड्यांचा संगणक नव्याने लिहून घेतला, म्हणजे रीमॅप केला, की एका दुपारीत पीळ चांगलाच वाढतो. मग कधीतरी चौथ्या गियरमध्ये, चढावर, पाय दाबल्यावर काटा झपकन वर जातो आणि गाडी तिथल्या तिथे. क्लच घसरला. प्लेट काढून पाहिली की अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलेले, फ्लायव्हीलच्या तोंडावर तापून पडलेले निळसर डाग आणि केसाएवढ्या बारीक भेगा. गियरबॉक्स उतरवल्यावर येणारा करपट वास ज्याने एकदा घेतला आहे, त्याला निदानासाठी यंत्र लागत नाही.

उपाय दोन. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा कडक करायच्या, किंवा अस्तर बदलायचे. कडक स्प्रिंगांनी पेडल जड होते, आणि चेण्यापासून गायमुखपर्यंतच्या कोंडीत डाव्या गुडघ्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. सिरॅमिक-धातूच्या बटणांची प्लेट उष्णता उत्तम सोसते, पण तिला अर्धवट असे काही ठाऊक नसते. ती धरते नाहीतर सोडते, आणि हाफ क्लचवर गाडी सरकवताना सगळी गाडी हिसके खाते. रोज वापरायच्या गाडीला चांगल्या प्रतीचे साधे अस्तर आणि थोडा जास्त दाब एवढे पुरते. चार हजार फेऱ्यांवरून क्लच सोडून जोरात निघालेली आपली हॅचबॅक ताशी ३० किलोमीटरला पोचेतो क्लच प्लेटवर साधारण ३६ किलोज्यूल उष्णता सोडते. अर्धा कप चहाचे पाणी तेवढ्यात उकळते. एकदा उकळले तर बिघडत नाही. लागोपाठ पाच-सहा वेळा केले की अस्तर करपू लागते.

आता गियरबॉक्स. त्यात प्रत्येक गियरचे प्रमाण महत्त्वाचे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे दोन गियरांमधले अंतर. आपल्या गाडीचा दुसरा गियर १.९ चा आहे. पहिल्यात सहा हजार फेरे घेऊन दुसरा टाकला की इंजिन ३२५० च्या आसपास कोसळते आणि टर्बो नसलेले छोटे इंजिन तिथून पुन्हा धापा टाकत वर चढते. दुसरा गियर २.१ चा केला तर ते ३६०० ला सापडते. फरक साडेतीनशे फेऱ्यांचा, पण गाडी दम न तोडता ओढत राहते. गियर असे जवळ जवळ आणणाऱ्या संचाला क्लोज रेशो म्हणतात. टर्बो इंजिनाला मधल्या फेऱ्यांतच भरपूर पीळ असतो, त्यामुळे त्याला याची तितकी गरज नसते. पण हा संच तयार मिळणे दुर्मीळ, करून घेणे खर्चिक. बहुतेकांचे काम दुसऱ्या गाडीचा अख्खा गियरबॉक्स बसवण्यावर भागते.

मुंबईच्या परिसराला ही हौस नवी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे इंजिन पुढे, ओढणारी चाके मागे, आणि चार गियरांचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. तिथून गियरबॉक्सपर्यंत दांड्या आणि जोड यांची लांबलचक साखळी होती. ते जोड झिजले की गियर टाकणे हा अंदाजाचा खेळ व्हायचा. जुन्या फियाटच्या पहिल्या गियरला फेरे आपोआप जुळवणारी सिंक्रोची कडी नसल्याने चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये ॲक्सिलरेटरला एक टिचकी देऊन फेरे जुळवावे लागत. टॅक्सीवाल्यांच्या पायात ती टिचकी मुरलेली होती. १९८५ मध्ये त्याच कंपनीने ११८ एनई आणली. तिच्यात निस्सानचे इंजिन, निस्सानचाच गियरबॉक्स आणि जमिनीतून वर आलेला दांडा होता. मग काही पद्मिनींच्या पोटात ११८ एनईची जोडी गेली. बाहेरून तीच गोल डोळ्यांची गाडी, आणि सिग्नल सुटला की शेजारचा चकित. पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. तिच्या खांबावरचे गियर टाकता येणारी माणसेही आता वयस्क झाली आहेत.

सिंक्रो हा गियरबॉक्समधला सगळ्यांत सोशिक भाग. पितळेची ही कडी गियर बसण्याआधी दोन्ही बाजूंचे फेरे घर्षणाने जुळवते. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ती बाजारात आणली, त्याआधी प्रत्येक चालकाला फेरे कानाने जुळवावे लागत. घाईघाईने गियर ओढणाऱ्याच्या हातात ही कडी लवकर झिजते आणि मग दुसरा गियर कर्रकन बसतो. शर्यतीच्या गाड्यांत सिंक्रो काढूनच टाकतात. तिथे जाडजूड दातांचे डॉग गियर असतात, ते धाडकन पडतात आणि क्लच न दाबताही बसतात. त्यांच्या सोबतीला सरळ कापलेले दात असतात. तिरक्या दातांचा आडवा रेटा त्यांत नसल्याने ताकद थोडी वाचते आणि मजबुती वाढते, पण असा बॉक्स चालू असताना सतत किंचाळतो. नाशिकच्या डोंगरवाटांवर होणाऱ्या रॅली ऑफ महाराष्ट्रमध्ये तो आवाज शोभतो. शाळेत मुलांना सोडायला जाताना नाही.

दांड्याची हालचाल आखूड करणारे शॉर्ट शिफ्टर नावाचे स्वस्त साधनही मिळते. हाताला सुख देते, सिंक्रोला त्रास. घड्याळावर त्याचा फायदा फारसा दिसत नाही, कारण गियर बदलण्यातला वेळ हाताच्या प्रवासात कमी आणि पाय व हात यांच्या मेळात जास्त जातो. सरावलेला चालक अर्ध्या सेकंदाच्या आत गियर बदलतो, नवखा एक सेकंद घेतो. शंभरपर्यंत दोनदा गियर बदलायचे तर सरावाने एक सेकंद फुकटात वाचला. बाजारातला कुठलाही एक सुटा भाग इतका वेळ सहसा वाचवत नाही, पण सराव डब्यात घालून विकता येत नाही.

सगळ्यांत जास्त परिणाम होतो तो शेवटच्या जोडीने, म्हणजे फायनल ड्राइव्हने. हे प्रमाण सगळ्या गियरांना लागू होते, त्यामुळे एक जोडी बदलली की पाचही गियर एकदम बदलतात. ४.१ ऐवजी ४.४ घातले तर प्रत्येक गियरमध्ये चाकावरचा जोर सात टक्क्यांनी वाढतो. सात टक्के ही रीमॅपच्या जाहिरातीपुढे किरकोळ वाटणारी संख्या. प्रत्यक्षात ती अंगाला जाणवते, कारण ती ठरावीक फेऱ्यांपुरती नसते. पाय दाबला की प्रत्येक वेळी हजर.

तिची परतफेड लगेच सुरू होते. पाचवा गियर ०.७६ चा धरला तर ताशी १०० च्या वेगाला आपले इंजिन पूर्वी २८५० फेरे घेत होते, आता ३०६० घेईल. आवाज वाढला, ॲव्हरेज थोडा उतरला. आणखी एक गंमत वेगमापकाच्या काट्याशी दडलेली असते. जुन्या जोडीने दुसऱ्या गियरमध्ये सहा हजार फेऱ्यांना गाडी ताशी ८४ पर्यंत जात होती. नव्या जोडीने ७८ लाच फेरे संपतात. म्हणजे शून्य ते ८० ची वेळ मोजणाऱ्याला आता दोन किलोमीटरसाठी तिसरा गियर टाकावा लागेल आणि सात टक्क्यांनी कमावलेला वेळ त्या एका गियरबदलात जाईल. शून्य ते शंभर मोजणाऱ्याला हा तोटा नाही, त्याला दोन्ही जोड्यांत तिसरा लागतोच. कुठल्या वेगापर्यंतची घाई आहे हे आधी ठरवल्याशिवाय जोडी निवडता येत नाही, आणि बहुतेक जण ते ठरवत नाहीत.

पहिल्या गियरमध्ये तर सात टक्के बहुधा वायाच जातात. आपल्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांवर उभ्याने सहाशे किलो वजन असेल, तर जोरात निघताना त्यातले शंभराहून अधिक किलो मागे सरकते. उरलेल्या वजनावर कोरड्या डांबरात टायर साधारण ४३०० न्यूटनची पकड देतो. पहिल्या गियरमध्ये इंजिन मूळच्या जोडीनेच ४९०० न्यूटनपर्यंत ढकलू शकते. जास्तीचा जोर चाक जागच्या जागी फिरवण्यात जातो. जुलैत, घोडबंदर रस्त्यालगतच्या डोंगरावरून उतरलेली लाल माती कडेला पसरते तेव्हा पकड आणखी घटते. नव्या जोडीचा खरा उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, तेही टायर साथ देत असतील तर.

पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत ही जोडी गियरबॉक्सच्याच घरात असते आणि बेअरिंगचा ताण शिम, म्हणजे पातळ चकती, घालून जुळवला की काम झाले. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत मात्र ताकद काटकोनात वळवायची असते, तिथे क्राऊन-पिनियन येते. ते बसवणे हे अजूनही हातखंडा मिस्तरीचे काम. क्राऊनच्या चार-दोन दातांना रंगाची पेस्ट लावायची, हाताने चक्र फिरवायचे आणि पिनियनने रंग कुठे पुसला ते पाहायचे. डाग दाताच्या मधोमध पडला तर ठीक. टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला तर पुन्हा उघडायचे, शिम बदलायची, पुन्हा रंग. घाईत बसवलेली जोडी काही दिवसांतच घूं असा सूर धरते आणि तो वेगाबरोबर चढत जातो. जिप्सीसारख्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत पुढचे आणि मागचे प्रमाण एकाच वेळी, एकाच आकड्याचे बदलावे लागते. एकच बदलले तर फोर-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडत राहतात आणि अखेर कुठलातरी दात मोडतो.

डिफरन्शिअल वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. ही सोय एकोणिसाव्या शतकातली, पण तिच्यात एक खोट आहे. साधे डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते, म्हणजे दुबळ्या चाकाला जेवढा पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही. एक चाक ओल्या मातीवर गेले की ते गरगरते आणि कोरड्यावरचे शहाणे चाक स्वस्थ बसते. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल ही खोट बऱ्याच अंशी काढते. त्यातला प्लेटांचा प्रकार झिजतो, वळताना कुरकुरतो आणि त्याला खास तेल लागते. तिरक्या दातांचा प्रकार रोजच्या वापराला जास्त गुणी. टायर चांगले असूनही ज्याच्या गाडीचे चाक दुसऱ्या गियरमध्ये जागच्या जागी फिरते, त्याने बाकी काही घेण्याआधी हे घ्यावे.

एक्सलबद्दल थोडेच सांगायचे. पीळ वाढला की साखळीतला कच्चा दुवा एक घर पुढे सरकतो. क्लच मजबूत झाला की दात मोडतात, दात बदलले की एक्सलच्या टोकाचा सीव्ही जॉइंट. वळताना टक-टक ऐकू येऊ लागली की पुढची पाळी कोणाची ते कळते.

टायर हा खरे तर ड्राइव्हट्रेनचा शेवटचा गियर, आणि तिथेच सगळ्यांत मोठा वेडेपणा होतो. पिकअपसाठी पैसे खर्च करणारा माणूस त्याच महिन्यात मोठ्या अलॉय चाकांवर भाळतो. टायरचा एकूण व्यास सात टक्क्यांनी वाढला की फायनल ड्राइव्हचे सात टक्के सरळ वजा झाले. वर चाक जड; काठावरचे वजन गाडीबरोबर पुढेही न्यायचे आणि गोलही फिरवायचे. वेगमापकाचा काटा आता खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, ते वेगळेच. हलक्या चाकावर, मूळच्याच व्यासाचा, जास्त पकडीचा टायर हा बदल दिसायला फिका. पण ज्याला ड्राइव्हट्रेनमधला एकच खर्च परवडतो, त्याने हाच करावा.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कडकपणे लागू होते असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा जोडली. गियरचे प्रमाण नोंदणी पुस्तिकेत छापलेले नसते, इंजिन क्रमांक आणि सीसी असतात. म्हणून झिजलेला क्लच बदलणे आणि परक्या गाडीचे इंजिन बसवणे यांत फरक पडतो. तरी वॉरंटी आणि विमा यांचे प्रश्न मागे राहतातच. कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हाही गुन्हा आहे. घोडबंदर रस्त्यावर रात्री जड वाहनांच्या रांगेत कोणी ती लावू नये, यासाठी खरे तर कलमाची गरज पडायला नको. चौथाई मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची वेळ मोजायची हौस असेल त्यांच्यासाठी लोणावळ्यापलीकडच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरवली गेली आहे. तिथे दोन्ही बाजूंना मोकळे रान असते, दिवे लागतात, कागदावर वेळ छापून मिळते आणि सात टक्क्यांचे खरे मोल कळते.

काम झाल्यावर गाडी लगेच पळवायची नसते, हे सांगितले तरी पाळले जात नाही. नव्या क्लचचे अस्तर आणि फ्लायव्हीलचे तोंड एकमेकांशी जुळायला शहरातले सावकाश, थांबत-थांबत सातशे-आठशे किलोमीटर लागतात. पाचवा टाकून महामार्गावर काढलेले अंतर त्यात धरत नाहीत, कारण तिथे क्लच दाबला-सोडला जात नाही. तोवर चढावर हाफ क्लचने गाडी धरून ठेवायची नाही, हँडब्रेक वापरायचा. नव्या क्राऊन-पिनियनला सुरुवातीला थोडे चालवून थंड होऊ द्यावे लागते, नाहीतर दातांचा पृष्ठभाग तापून नरम पडतो. गियर ऑइलचा ग्रेडही पाहावा: क्राऊन-पिनियनला लागणारे जीएल-५ तेल पितळी सिंक्रो असलेल्या सगळ्याच गियरबॉक्सना मानवत नाही, त्यातली काही रसायने पितळ खातात. पहिल्या हजार किलोमीटरनंतर तेल बदलून ड्रेन प्लगचे चुंबक पाहायचे. त्याला करड्या रंगाची मऊ पेस्ट चिकटलेली असेल तर दात नीट बसत आहेत. बोटाला टोचणारा, चकाकणारा कण सापडला तर गियरबॉक्स पुन्हा खाली उतरवायचा.